‘ऐकत नाही’ आणि ‘मानत नाही’ : ग्रीकमधल्या आज्ञाभंगाची दोन घराणी

वाचकाचं पत्र

आमच्या मंडळीच्या महिला मंडळात दर गुरुवारी बायबल अभ्यास असतो. सध्या इब्री लोकांस पत्राचा तिसरा-चौथा अध्याय चालू आहे आणि येत्या गुरुवारी तो मी घ्यायचा आहे. मला ग्रीक येत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर शब्दावर बोट ठेवलं की स्ट्राँगचा क्रमांक (स्ट्राँगच्या कोशात प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला नंबर) दिसतो, माझी धाव तेवढीच. ‘आज्ञाभंग’ या शब्दाशी तीन ठिकाणी अडले आहे. योहान 3:36 मध्ये एका प्रतीत ‘विश्वास ठेवत नाही’ असं आहे, दुसरीत आज्ञा न मानण्याबद्दल आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे? दुसरं, आमच्यातला एक तरुण सांगतो की रोम 5:19 मधल्या शब्दाचा खरा अर्थ ‘चुकीचं ऐकू येणं’ आहे, म्हणजे आदामाची चूक म्हणावी तेवढी मोठी नव्हती. तिसरं घरातलं आहे. मुलगा 19 वर्षांचा. दोन महिने उपासनेला येत नाही, ‘काही गोष्टी पटत नाहीत’ म्हणतो. माझ्या दिरांनी जेवताना सगळ्यांदेखत त्याला इफिस 2:2 ऐकवलं, ‘तू आज्ञाभंगाचा पुत्र आहेस’ म्हणाले. तो ताटावरून उठून गेला. त्याला काय सांगू आणि दिरांना काय सांगू?

— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुम्ही तिन्ही प्रश्न एकाच शब्दाचे समजून विचारले आहेत. मुळात तिथे दोन शब्द आहेत आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे लिहा ‘पाराकोए’ (स्ट्राँग 3876). रोम 5:19 मधला शब्द हा. उजवीकडे लिहा ‘अपेइथेया’ (543), त्याचं क्रियापद ‘अपेइथेओ’ (544) आणि विशेषण ‘अपेइथेस’ (545). योहान 3:36, इफिस 2:2 आणि तुमचा इब्री 3–4 हे सगळे उजवीकडचे. मराठीत दोन्हींसाठी ‘आज्ञाभंग’, ‘अवज्ञा’, ‘आज्ञा न मानणे’ असे शब्द आलटून पालटून येतात, त्यामुळे छापील पानावरून कुठला शब्द कुठे आहे हे कळायला मार्ग नसतो. ग्रीकमध्ये मात्र पहिल्या घराण्याचं मूळ कानात आहे आणि दुसऱ्याचं मनात.

आधी कानाचं बघू. ‘अकूओ’ म्हणजे ऐकणं. त्याला ‘हुपो’ म्हणजे ‘खाली’ हे लागलं की ‘हुपाकोए’ होतं, म्हणजे आज्ञापालन. हा शब्द नव्या करारात 15 वेळा आहे. ‘पारा’ म्हणजे ‘बाजूने’ हे लागलं की ‘पाराकोए’. तो फक्त 3 वेळा आहे: रोम 5:19, 2 करिंथ 10:6 आणि इब्री 2:2. तिन्हींपैकी पहिल्या दोन ठिकाणी तो हुपाकोएच्या समोरासमोर उभा आहे.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘हा पोरगा ऐकत नाही’ असं आई म्हणाली तर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. आपण तर हा फरक विभक्तीतूनही दाखवतो: ‘आजीला ऐकलं’ म्हणजे आवाज कानावर पडला, ‘आजीचं ऐकलं’ म्हणजे सांगितलं तसं केलं. हिब्रूतला ‘शमा’ असाच दोन्ही कामं करतो, आणि लॅटिनमधल्या आज्ञापालनाच्या शब्दातही ऐकण्याचाच धातू दडलेला आहे.

आता तुमच्या तरुणाचा मुद्दा. तो हवेतून बोलत नाहीये. जुन्या ग्रीकमध्ये ‘पाराकूओ’ (3878) हे क्रियापद ‘ओझरतं कानी पडणं’, ‘चुकीचं ऐकणं’ या अर्थांनी येतं. मार्क 5:36 मध्ये याईराच्या घरून माणसं येऊन सांगतात की मुलगी गेली, आणि येशू ते बोलणं ‘पाराकूओ’ करतो. तिथे भाषांतरकारांत दोन तट आहेत: काहींच्या मते ते त्याच्या कानी पडलं, काहींच्या मते त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. पण आदामाला संशयाचा फायदा द्यायला हे वचन पुरत नाही, कारण हेच क्रियापद मत्तय 18:17 मध्ये दोनदा आलं आहे. तिथला क्रम आठवा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आणि त्याने त्यांचंही ‘पाराकूओ’ केलं तर? तोंडासमोर बसून इतक्यांदा सांगितलेलं चुकीचं कसं ऐकू येईल? ऐकून न ऐकल्यासारखं करणं हाच तिथला अर्थ.

येशूच्या आधीपासून ग्रीक बोलणारे यहुदी जुना करार ज्या ग्रीक भाषांतरातून वाचत, त्या सेप्टुआजिंटमध्येही हाच वापर दिसतो. एस्तेर 3:3 मध्ये राजाचे सेवक मर्दखयाला विचारतात की तू राजाच्या हुकमाचं ‘पाराकूओ’ का करतोस? मर्दखयाला हुकूम स्वच्छ ऐकू आलेला होता, दिवसामागून दिवस ते त्याला तेच सांगत होते. यशया 65:12 मध्ये देव म्हणतो, मी बोलावलं तेव्हा तुम्ही ‘हुपाकूओ’ केलं नाही, मी बोललो तेव्हा ‘पाराकूओ’ केलं. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: कानाडोळा.

शब्दाची फोड म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, हे त्या तरुणाला पटवायला ग्रीकची गरजच नाही. त्याला विचारा, ‘शुश्रूषा’ म्हणजे काय? मूळ संस्कृतात ‘ऐकण्याची इच्छा’. श्रू म्हणजे ऐकणं, त्याचं इच्छार्थक रूप. त्यातून सांगितलेलं ऐकणं, मग सेवा, मग आजाऱ्याची सेवा. पण दवाखान्यातली नर्स रुग्णाची शुश्रूषा करते म्हणजे त्याच्या गप्पा ऐकायला उत्सुक असते, असं कोणी म्हणेल का? फोडीवरून शब्द कुठून आला ते कळतं. तो आज कुठे राहतो हे वापरावरून बघायचं.

रोम 5 मध्ये पौलाने आदामाच्या त्या एकाच कृत्याला तीन नावं दिली आहेत. वचन 14 मध्ये ‘पाराबासिस’, म्हणजे आखलेली रेषा ओलांडणं. 15 ते 18 आणि पुन्हा 20 मध्ये ‘पाराप्तोमा’, म्हणजे वाटेवरून घसरून पडणं. आणि फक्त 19 मध्ये ‘पाराकोए’. खरं सांगायचं तर मराठीतला ‘आज्ञाभंग’ चपखल बसतो तो पहिल्या शब्दाला. रेषा ओलांडली असं पाच वचनं आधी म्हटलेला माणूस 19व्या वचनात ‘बिचाऱ्याला नीट ऐकू आलं नाही’ असं कसं म्हणेल? तिथे त्याला कानाचा शब्द हवा होता, कारण वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ख्रिस्ताची ‘हुपाकोए’ यायची होती. ‘एकाने ऐकलं नाही, एकाने ऐकलं’ असा तो जोड आहे. छापील मराठीत ‘आज्ञाभंग’ आणि ‘आज्ञापालन’ ठेवल्यावर जोड टिकतो, कान मात्र निसटतो.

कानाचा धागा उत्पत्तीच्या गोष्टीतही आहे. 2:17 मधली आज्ञा आणि 3:3 मध्ये हव्वेने सांगितलेली आज्ञा शेजारी ठेवून बघा. ‘त्याला हातही लावू नका’ ही भर मधेच पडली आहे. आणि 3:17 मध्ये देव आदामाला म्हणतो, तू आपल्या बायकोचं ऐकलंस. महिला मंडळात हे वाचल्यावर हशा पिकेल, पिकू द्या. मग वाक्य पुरं वाचायला लावा, कारण लगेच पुढे ‘ज्या झाडाविषयी मी तुला आज्ञा दिली होती’ असं आहे. कान शाबूत होता. तो वळला भलतीकडे.

आता उजवी बाजू. ‘पेइथो’ (3982) म्हणजे पटवणं, मन वळवणं. त्याचं ‘पेइथोमाइ’ हे रूप म्हणजे पटणं, आणि पटलं म्हणून त्याप्रमाणे वागणं. पुढे अकार लागला की नकार. म्हणजे अपेइथेया ही ‘पटवून घेत नाही’ आणि ‘ऐकत नाही’ यांच्या मधोमध बसते. प्रेषितांची कृत्ये 19:8–9 उघडा. इफिसात पौल 3 महिने सभास्थानात वाद घालतो आणि ‘पेइथो’ करतो. लगेच पुढच्या वचनात काही जण मन कठीण करून ‘अपेइथेओ’ करतात. लेखकाने ही दोन क्रियापदं सहज शेजारी ठेवलेली नाहीत. 26व्या अध्यायातही तसंच. वचन 19 मध्ये पौल म्हणतो, मी त्या स्वर्गीय दर्शनाला ‘अपेइथेस’ झालो नाही. वचन 28 मध्ये राजा अग्रिप्पा टोला मारतो की एवढ्यात मला ‘पेइथो’ करून ख्रिस्ती करायला बघतोस की काय!

म्हणजे शब्द फक्त ‘न पटणे’ एवढाच? तसंही नाही. याकोब 3:3 मध्ये घोड्यांच्या तोंडात लगाम घालतो ते त्यांनी आपलं ‘पेइथोमाइ’ करावं म्हणून. घोड्याला कोणी युक्तिवाद करून पटवत नाही, त्याने ऐकायचं असतं. तेव्हा ‘अपेइथेया म्हणजे निव्वळ शंका’ असं कोणी म्हणालं तर हा घोडा पुढे करा.

योहान 3:36 चा गुंता इथेच सुटतो. वचनाच्या पहिल्या अर्ध्यात ‘पिस्तेउओ’ आहे, विश्वास ठेवणारा. दुसऱ्या अर्ध्यात ‘विश्वास न ठेवणारा’ येईल असं वाटतं आणि येतो ‘अपेइथेओ’ करणारा. व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलने तिथे ‘अविश्वासी’ घेतलं, 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलने ‘विश्वास न ठेवणारा’ घेतलं, आणि 1881 मध्ये आलेल्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने ते बदलून ‘आज्ञा न मानणारा’ केलं. तुमच्या दोन मराठी प्रतींतला फरक याच जुन्या फाट्यावरचा आहे. कोशकारांतही यावर वाद आहे. आमचं मत विचाराल तर याच अध्यायाचं वचन 18 बघा. तिथे योहानाने सरळ ‘जो विश्वास ठेवत नाही’ असं लिहिलं आहे, पिस्तेउओला नकार लावून. म्हणजे ते शब्द त्याच्या हाताशी होते. 36 मध्ये त्याने ते घेतले नाहीत, तर वाचताना तो बदल ऐकू आला पाहिजे.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘मानणे’. ‘वडिलांचं मानतो’ म्हणजे सांगितलेलं पाळतो, ‘देवाला मानतो’ म्हणजे विश्वास ठेवतो. विश्वास आणि आज्ञापालन यांच्या सीमेवर हा शब्द आरामात बसलेला आहे, आणि इंग्रजीला जी कसरत करावी लागते ती आपल्याला करावी लागत नाही. ‘जो पुत्राला मानत नाही’ हे त्या वचनाला छान बसतं. एक सावधगिरी मात्र हवी. ‘मी देव मानतो, पण देवळात-चर्चमध्ये जात नाही’ असं म्हणताना हाच शब्द अगदी पातळ होतो, नुसतं मत उरतं. म्हणून गुरुवारी ‘मानणे’ वापराल तेव्हा शेजारी ‘वडिलांचं मानणे’ हे उदाहरण ठेवाच.

इब्री 3–4 मध्ये सगळं एकत्र येतं. तुमचा खरा अभ्यास इथेच आहे, वेळही इथेच द्या. तिथे विषय मिसरमधून निघालेल्या इस्राएल लोकांचा आहे. 3:18 मध्ये विचारलं आहे की देवाने विसाव्यात येऊ न देण्याची शपथ कोणाविषयी वाहिली? उत्तर: ज्यांनी ‘अपेइथेओ’ केलं त्यांच्याविषयी. आणि 3:19 मध्ये निष्कर्ष: त्यांना आत जाता आलं नाही ते ‘अपिस्तिया’मुळे (570), अविश्वासामुळे. दोन वेगळे शब्द, पाठोपाठ, कारण म्हणून. मग 4:6 आणि 4:11 मध्ये पुन्हा अपेइथेया. किंग जेम्समध्ये 3:19, 4:6 आणि 4:11 या तिन्ही ठिकाणी ‘अविश्वास’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे ते वाचून तयारी करणाऱ्याला फरक दिसतच नाही. जुन्या नकलनविसांचीही हीच गत. सुमारे 200 सालच्या ‘पपायरस 46’ या हस्तलिखितात 4:6 ला अपेइथेयाच्या जागी अपिस्तियाच लिहिलेलं आहे. ग्रीकमध्येही हे दोन शब्द दिसायला आणि अर्थाला इतके जवळचे.

तरी लेखक दोन्ही वापरतो. का, ते गणना 13–14 वाचल्यावर कळतं. 12 हेर 40 दिवस कनान देश पाहून येतात, अष्कोलच्या खोऱ्यातला द्राक्षांचा घड दोघांनी काठीवर टांगून आणलेला असतो. 10 जण म्हणतात, जमणार नाही. कालेब आणि यहोशवा म्हणतात, जाऊ. लोक रात्रभर रडतात, मिसरला परत नेणारा पुढारी निवडायचं म्हणतात, धोंडे उचलतात. 14:11 मध्ये देवाचा प्रश्न विश्वासाचा आहे: हे कुठवर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत? 14:22 मध्ये तक्रार कानाची आहे: यांनी माझी वाणी ऐकली नाही.

पुढचा भाग बहुतेक अभ्यासांत गाळला जातो. तो गाळू नका. त्या देशात जाता येणार नाही ही शिक्षा ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक उठतात आणि म्हणतात, चला, आता चढाई करू (14:40). मोशे सांगतो, आता जाऊ नका. ते जातात. मोशे आणि कराराचा कोश छावणीतून हलत नाहीत. अमालेकी आणि कनानी त्यांना हर्मापर्यंत झोडपत आणतात. काल ‘जा’ म्हटलं तर गेले नाहीत, आज ‘जाऊ नका’ म्हटलं तर गेले. धाडस आलं, मानणं आलं नाही. अपेइथेया म्हणजे निव्वळ भित्रेपणा किंवा निष्क्रियता नव्हे, हे याहून चांगलं कुठे दिसणार?

आणि या सगळ्या प्रकाराचं एका वाक्यातलं वर्णन अनुवाद 9:23 मध्ये आहे. सेप्टुआजिंटमध्ये तिथे तीन क्रियापदं ओळीने येतात: तुम्ही परमेश्वराच्या शब्दाला ‘अपेइथेओ’ केलं, त्याच्यावर ‘पिस्तेउओ’ केलं नाही, त्याची वाणी ऐकली नाही (इथे अकूओचंच जोडरूप आहे). पहिल्याच्या जागी मूळ हिब्रूत बंड करण्याचं क्रियापद आहे. म्हणजे मन, विश्वास आणि कान तिन्ही एका वचनात, आणि मनाच्या शब्दात बंडाची धार आहे. पौल रोम 10:21 मध्ये यशया 65:2 उद्धृत करतो, तिथेही ग्रीक अपेइथेओमागे हट्टी, अडेल माणसाचा हिब्रू शब्द आहे. म्हणून अपेइथेयाचं ‘अविश्वास’ असं भाषांतर केलं की धार बोथट होते, आणि ‘आज्ञाभंग’ केलं की न पटण्याची, आतल्या नकाराची बाजू सुटते.

गुरुवारी एवढं करा. आधी गणना 14:1–11 आणि 14:39–45 दोघींना मोठ्याने वाचायला सांगा, मधला भाग तुम्ही चार वाक्यांत सांगा. मग अनुवाद 9:23. मग इब्री 3:7 ते 4:11 सावकाश. प्रत्येकीच्या हातात दोन रंगांची पेन्सिल द्या. ऐकणे, वाणी, कठीण मन यांना एक रंग, विश्वास-अविश्वास आणि मानणे-न मानणे यांना दुसरा. ‘आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल’ हे स्तोत्र 95 मधलं वाक्य 3:7, 3:15 आणि 4:7 असं तीनदा पहिल्या रंगात येईल. 3:16 जवळ थांबा: ज्यांनी बंड केलं ते ऐकलेलेच होते, असं तिथे साफ म्हटलं आहे. तुमच्या तरुणाला उत्तर देण्यासाठी रोमपर्यंत जायचीही गरज पडणार नाही. ग्रीक शब्द फळ्यावर दोनच लिहा, 3:18 चा आणि 3:19 चा. पाच लिहिलेत तर अभ्यास संपून शब्दकोडं सुरू होतं.

अ‍ॅपबद्दल दोन गोष्टी, कारण तिथे हमखास फसायला होतं. स्ट्राँगचा कोश 1890 चा आणि तो किंग जेम्स बायबलची शब्दसूची म्हणून केलेला आहे. 543 उघडलं की आधी छोटी व्याख्या येते, मग एक आडवी रेघ, आणि रेघेनंतर शब्दांची यादी. ती यादी म्हणजे अर्थ नव्हेत. किंग जेम्सने तो शब्द कुठे कुठे कसा भाषांतरित केला याची ती नोंद आहे. तिथे ‘अविश्वास’ दिसला म्हणून ‘मूळ ग्रीकमध्ये अविश्वास असाच अर्थ आहे’ असं सांगणं म्हणजे भाषांतराचाच पुरावा भाषांतराला देणं. दुसरं, किंग जेम्स ज्या ग्रीक प्रतीवरून झालं ती आजच्या संपादित ग्रीक पाठापेक्षा काही ठिकाणी वेगळी आहे. वर सांगितलेलं मार्क 5:36 किंग जेम्सच्या क्रमांकांसह उघडलंत तर तिथे 3878 सापडणार नाही, साधं ‘अकूओ’ (191) दिसेल. आमची चूक नाही आणि अ‍ॅपचीही नाही, पाठ वेगळा आहे. कलस्सै 3:6 मधले ‘आज्ञाभंगाचे पुत्र’ हे शब्दही काही जुन्या हस्तलिखितांत नाहीत, त्यामुळे ते काही भाषांतरांत तळटीपेत गेलेले दिसतील.

आता घरचं.

‘अमुकाचा पुत्र’ ही हिब्रू बोलण्याची पद्धत आहे, म्हणजे त्या गुणाने ओळखला जाणारा. इफिस 2:2 मधला शब्द अपेइथेयाच आहे, तेव्हा दिरांनी शब्द चुकीचा उचललेला नाही. वचन मात्र अर्ध्यावर सोडलं. 2:3 सुरू होतं तेच ‘त्यांच्यात आपणही सर्व पूर्वी होतो’ असं. तीत 3:3 मध्येही तसंच, आपणही पूर्वी ‘अपेइथेस’ होतो. पौल हा शब्द स्वतःला आत धरून वापरतो, आणि जेवणाच्या पंगतीत समोरच्याकडे बोट करून वापरला की तो ‘आपण’ गळून पडतो. दिरांना हे सांगा, पण एकांतात सांगा. मत्तय 18:15 मधली पहिली पायरी तीच आहे, आणि त्यांच्याकडून नेमकी तीच राहिली.

त्यांच्याकडे उत्तर असेल, तेही ऐकून ठेवा. 2 तीमथ्य 3:2 आणि रोम 1:30 मध्ये आईबापांना ‘अपेइथेस’ असणाऱ्यांचा उल्लेख वाईटांच्या यादीत आहे. तो आहेच, लपवू नका. अनुवाद 21:18 मधल्या हट्टी मुलालाही सेप्टुआजिंटमध्ये हाच शब्द आहे, आणि त्याच्या जोडीला ‘एरेथिस्तेस’, म्हणजे डिवचणारा, चिथावणारा. गंमत अशी की पौल कलस्सै 3:21 मध्ये त्याच शब्दाचं क्रियापद घेतो आणि ते मुलांना न लावता बापांना लावतो: आपल्या मुलांना चिथवू नका, नाहीतर ती खचतील. काकांनाही ते लागू व्हायला हरकत नसावी.

मुलगा ‘पटत नाही’ म्हणतो. तो अपेइथेया आहे की नाही, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही, आम्हाला तर नाहीच. मन कठीण करून केलेला नकार वेगळा आणि अडलेला प्रश्न वेगळा. मार्क 9:24 मधला बाप ‘माझा विश्वास आहे, माझ्या अपिस्तियाला साहाय्य कर’ असं ओरडतो आणि त्याला कोणी हाकलत नाही. तेव्हा आधी विचारा, नेमकं काय पटत नाही. देवाबद्दलचं, मंडळीतल्या कोणाबद्दलचं, की रविवारी सकाळी उठण्याबद्दलचं? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तो दोन-तीन प्रश्न सांगेल तर ते लिहून घ्या, तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, आणि एका वेळी एकच घ्या. इफिसात पौलाने पटवायला 3 महिने दिले होते, तुमचे दोनच झाले आहेत.

आणि बोलणंच नको म्हणाला तर 1 पेत्र 3:1 बघा. तिथे वचनाला ‘अपेइथेओ’ करणारे नवरे आहेत आणि त्यांच्या बायकांना सांगितलं आहे की ते शब्दावाचून, नुसत्या वागण्याने जिंकले जातील. सल्ला नवऱ्यांबद्दलचा आहे, पण 19 वर्षांच्या मुलालाही उपदेशापेक्षा गरम जेवण आणि तिथे कोणी वचन न फेकणं हे जास्त कळतं.

एक मात्र करू नका: या गुरुवारी त्याला अभ्यासाला बोलावू नका. विषय कळला की हे सगळं आपल्यासाठीच मांडलंय असं त्याला वाटेल, आणि त्याचं ते वाटणं अगदीच चूक नसेल.